तपासलेलं घर

मु. पिंपळझरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ
दि. २० नोव्हेंबर २०२५

ती. रुखमाआत्यास,
प्रफुल्लचा मनापासून जयभीम. वि. वि.

तुझं धम्मचक्र दिनाचं पत्र पोचलं. उत्तराला महिना उलटून गेला, त्याबद्दल तुझ्या चपलेचा मार खायला तयार आहे. चपलांच्या कारखान्यात कामाला आहेस, तेव्हा नवीन जोडातली वापर.

आता मलाही पत्रच लिहावं लागणार, कारण माझा फोन गेला. गेला म्हणजे मीच ओट्यावर आपटला. कारण ऐकशील तर हसशील, पण मला हसू नाही आलं. दीपाने स्टेटसवर फोटो टाकला होता. दीपा म्हणजे आमच्या गावच्या आशाताईची पोरगी, कॉलेजात माझ्यासोबत होती. फोटोत ती आणि तांड्यातल्या हिरासिंगचा सुनील, दोघं पिवळ्या टोप्या घालून बांधावर बसलेले, हातात पेरूची एकेक फोड. मी फोटो मोठा करकरून पाह्यला. आत्या, त्या दोन फोडी एकाच पेरूच्या होत्या. काठाला काठ जुळत होता.

गावागावांत कुष्ठरोग शोधायचं सर्वेक्षण चालू आहे. घरोघरी जायचं आणि कोणाच्या अंगावर चट्टे आहेत का ते पाहायचं. बायांना बाई तपासते, माणसांना माणूस, म्हणून जोडीनेच फिरावं लागते. आशाताईचा पाय मोडला, तर मायच्या जागी दीपा कॉलेज बुडवून फिरून राह्यली. आणि तिच्या जोडीला सरकारला सगळ्या तालुक्यात हाच सापडला. बी.एस्सी. पूर्ण केलेला. सदरा नेहमी इस्त्रीचा. सकाळी सातपासून अकरापर्यंत दोघं गल्लीगल्लीने. मी कॉलेज सोडलं ते दीपाबद्दल वंगाळ बोलणाऱ्याच्या कानाखाली काढली म्हणून. सर म्हणे माफीनामा लिहून दे, मी नाही दिला. आणि आता पेरू खाते दुसराच.

सोमवारी ते आमच्या घरी आले. दीपाने आईला आतल्या खोलीत नेलं. सुनील मला म्हणे, सदरा काढ, पाठ पाहू दे. त्याच्यासमोर मी उघडा उभा राहू? आणि तो माझ्या बरगड्या मोजून तिच्यासोबत पुढच्या घरी जाणार? मी त्याला हळूच सांगितलं, की तपासलं असं लिही आणि आपल्या दोन पायांनी चालत जा. त्याने माझ्याकडे पाह्यलं, कागदाकडे पाह्यलं आणि लिहिलं. दीपाने आतून विचारलं की झालं का, तर मीच ओरडून झालं म्हटलं. दारावर खडूने घर तपासल्याची खूण करून गेले दोघं.

बाकी माझं झकास आहे. आर्णीला बबलू मिस्त्रीच्या वेल्डिंगच्या दुकानात लागलो. परवा तापलेली पट्टी मी उघड्या हाताने उचलली आणि मला समजलं ते वासावरून. मिस्त्री गिऱ्हाईकांना सांगून राह्यला की हे पोरगं लोखंडाचं आहे. फक्त उजवी करंगळी अलीकडे हट्टी झाली. जेवताना बाकीच्या बोटांत येत नाही, बाजूला उभी राहते पाहुण्यासारखी.

तुझा लोभ आहे तेवढाच राहू दे, कमी झाला तर मी तोही सुनीलच्या नावावर लावीन.

तुझा भाचा,
प्रफुल्ल


कुष्ठ वसाहत, शांतिनगर, जि. वर्धा
दि. २६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रफुल्लास,
आत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मिळालं. पेरूच्या फोडी जुळवायचं तुझं डोकं पाहून वाटलं की हा पोरगा परीक्षेला बसला असता तर कॉलेजचं नाव झालं असतं. त्या दोघांना भूक लागली असेल आणि पेरू एकच असेल, असं नाही का रे सुचलं तुला? नाही सुचणार. प्रेमात पडलेल्या माणसाला भूक फक्त स्वतःलाच लागते असं वाटतं.

फोनचं मात्र वाईट वाटलं. इथे मला एकाने जुना दिला होता, पण माझी बोटं त्या काचेला बोटंच वाटत नाहीत. कितीदा टेकवली तरी काच ढिम्म. शेवटी तो देऊन टाकला आणि पेन बरं म्हटलं. आमच्या कारखान्यातल्याच कातडी पट्ट्यात पेन अडकवते, पट्टा मनगटाला बांधते आणि लिहिते. तुझ्याजवळ काचेला ओळखू येणारी दहाही बोटं होती.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा वेल्डिंगच्या ओळीपाशी थांबले. तिसऱ्यांदा तेवढीच ओळ वाचली आणि कारखान्यात गेलेच नाही. माणसाला चटका वासावरून समजत नसतो, बाळा. लोखंडाचं कोणी नसतं.

तीन गोष्टी कर. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये एक कागद धर आणि दुसऱ्या कोणाला तरी ओढायला सांग. कागद सुटला तर मला कळव. कोपराच्या आतल्या अंगाला जिथे हाड लागलं की झिणझिण्या येतात, तिथली नस दाबून पाहा. दुखते का, दोरीसारखी जाड लागते का. आणि पाठीवर, दंडावर, कुठे फिकट चट्टा आहे का, ते आरशात पाहा. खाज येत असेल तर घाबरू नकोस. खाज नसेल तर घाबर.

आणि त्या सुनीलला बोलावून पाठ दाखव. तो इस्त्रीचा सदरा घालतो हा त्याचा गुन्हा आहे, मला मान्य. पण तुमच्या गावात आज तेवढाच एक माणूस आहे ज्याला काय पाहायचं ते शिकवलेलं आहे.

वहिनीला विचारल्याचं सांग. बाबांना काही सांगू नकोस, ते माझं नाव निघालं की उठून जातात. माया करणारी माणसं मला मोजकीच उरली आहेत, त्यातला तू एक, हे लक्षात ठेवून उत्तर लवकर दे.

तुझी,
रुखमाआत्या


पिंपळझरी
दि. ३ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
जयभीम.

तुझं पत्र वाचून डोकं भणाणलं. दोन दिवस लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण मग तुला वाटलं असतं की मी घाबरलो.

तू बेचाळीस वर्षं तिथे राहून राह्यली. सकाळी उठल्यापासून तेच हात आणि तेच पाय पाहतेस, म्हणून तुले सगळेच तसे दिसतात. मी एकवीस वर्षांचा आहे. पोत्याचं वजन एका खांद्यावर उचलतो. माझी करंगळी वाकडी तर वाकडी, मी काही करंगळीवर जगत नाही.

डाग म्हणशील तर आहे पाठीवर एक. मागच्या पावसाळ्यापासून आहे. तालुक्याच्या एका चामडीच्या डॉक्टरने दुरूनच पाहून गजकर्ण म्हटलं आणि ट्यूब लिहून दिली. एक संपली, दुसरी दिली, मग तिसरी. खाज अजिबात नाही, म्हणून मी समजलो की औषध लागू पडलं. दुसरीकडे जायचं तरी कुठे? उपकेंद्राला बुधवारी सिस्टर येते, बाकी दिवस कुलूप. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरची खुर्ची दिवाळीच्याही आधीपासून रिकामी आहे, तिच्यावर मांजर झोपते. ज्याच्याजवळ गाडी आहे तो नागपूरला जातो. माझ्याजवळ ट्यूब आहे.

आणि एक विचारू? समजा तू म्हणतेस तसं असलंच, तर ते माझ्या अंगात आलं कुठून? तू हे आमच्या घरात ठेवून तर नाही गेली?

आता चांगली बातमी. सर्वेक्षण संपलं आणि शेवटच्या दिवशी सुनीलने स्वतःच दीपाला सांगून टाकलं, की प्रफुल्लला न तपासताच मी तपासलं असं लिहिलं. दीपा हापशीवर सगळ्यांदेखत त्याच्यावर अशी बरसली की पाणी भरणाऱ्या बाया गुंड-कळशा खाली ठेवून पाहत राह्यल्या. म्हणे, खोटंच लिहायचं होतं तर मायच्या नावाने कायले फिरलो आपण. मग तो हात जोडून माझ्याकडे आला, एक मिनिट पाहू दे म्हणे. मी म्हटलं, तुझं भांडण तू निस्तर. आता दीपा त्याच्याशी बोलत नाही. माझ्याशीही बोलत नाही, पण त्याच्याशी बोलत नाही हे महत्त्वाचं.

आई बरी आहे. राग मानू नको असं लिहिणार होतो, पण मानायचा असेल तर मान.

प्रफुल्ल


शांतिनगर, जि. वर्धा
दि. ९ डिसेंबर २०२५

चि. प्रफुल्लास,
आशीर्वाद, पूर्वीइतकेच.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी घर सोडलं तेव्हा तुझे बाबा सातवीत होते. तू जन्मायला वीस-एकवीस वर्षं बाकी होती. त्या घरात मी काही ठेवलं नाही. अंगावरची वाकळसुद्धा सोबत आणली, कारण मागे कोणी ती पांघरणार नव्हतं.

तुझ्या अंगात हे कुठून आलं ते मला ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही सांगता येणार नाही. ज्याला औषध मिळालं नाही अशा कोणाच्या तरी श्वासातून आलं. तो तुझ्या दुकानातला असेल, नाहीतर कॉलेजातला. औषध चालू झालं की माणूस कोणाला देत नाही, आणि मी तर कितीतरी वर्षांपूर्वी पूर्ण बरी झाले. राहिलं आहे ते फक्त जे उशिरामुळे गेलं.

उशीर कसा झाला ते कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते. त्र्याऐंशी साल. महिन्यातून एकदा तपासणारा माणूस सायकलने यायचा आणि गावच्या मोठ्या शेतमालकाच्या ओसरीवर बसायचा. आपल्या वस्तीने ती ओसरी चढायची नव्हती. आम्ही अंगणाबाहेर रांगेत उभं राहून हात वर करायचो आणि तो तिथून पाहायचा. लांबून चट्टा दिसतो एक वेळ, बधिरपणा नाही दिसत. माझ्या हाताला तेव्हा चट्टा नव्हता. असे पुष्कळ महिने गेले. मग चुलीवरचं भगुणं मी हाताने उतरवलं आणि आई किंचाळली, मी नाही.

त्याच साली त्या मालकाच्या धाकट्या मुलाच्या कानामागे चट्टा निघाला. मी त्यांच्याकडे शेण भरायला जायची, मी पाह्यला होता. त्याला जीपमधून नागपूरला नेलं. गावात सांगितलं की हवापालट. वर्षभराने आला, पुढे लग्न झालं. मला मात्र सरपंचाने चावडीवर नाव घेऊन महारोगी म्हणून जाहीर केलं आणि बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, आठ दिवसांत इथे आणून सोडलं.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे घोंगड्या वाटायला प्रमुख पाहुणे आले. तोच, मालकाचा धाकटा. केस पिकलेले, पण मी ओळखला. आम्हाला रांगेत उभं केलं होतं. माझ्या पाळीला त्याने घोंगडी पुढे केली, मी ती दोन्ही मनगटांच्या मध्ये धरली. मग तो बाजूला झाला आणि जाकिटाचं बटण लावलं. बोलता बोलता, न पाहता, एका हाताने लावलं.

प्रफुल्ल, मला त्याच्या शेतीचा हेवा कधी वाटला नाही. बायकोचा नाही, नातवंडांचा नाही. त्या बटणाचा वाटला. रात्री ती घोंगडी मी पांघरली नाही, थंडीत कुडकुडले. तू मला मत्सर शिकवू नकोस. तू दोन आठवडे केलास, मी बेचाळीस वर्षं केला आहे, आणि तोही रोज दिसणाऱ्या सगळ्या बोटांचा.

आता हिशोबाची एकच गोष्ट. नस नवीन दुखावलेली असेल तर औषधाने हात परत येतो. पाच-सहा महिने उलटले की येत नाही, मग कितीही मोठ्या दवाखान्यात जा. तुझी करंगळी कधीपासून हट्टी आहे ते तू मला लिहिलं नाहीस, पण तुला माहीत आहे.

मी दीपाला दोन ओळी लिहू शकते. तिच्या आईचा पत्ता आहे माझ्याजवळ. लिहिणार नाही. माझं नाव दुसऱ्याने सांगितलं होतं. तुझं तू सांगायचं.

राग मानला होता, तो तुझं पत्र घडी घालून ठेवेपर्यंतच टिकला. माया तशीच आहे, तिची परीक्षा पाहू नकोस.

रुखमाआत्या


पिंपळझरी
दि. २४ डिसेंबर २०२५

ती. रुखमाआत्यास,
तुझ्या दोन्ही पायांना हात लावून जयभीम. वि. वि.

मागच्या पत्रातली ती एक ओळ तू फाडून टाक. बाकीचं राहू दे, ते नुसतं मूर्खपणाचं आहे.

कागद धरून पाह्यला. दुकानात बबलू मिस्त्रीला म्हटलं पैज लावू. त्याने दोन बोटांनी असा ओढला जसा वहीतला सुटा कागद निघतो. मिस्त्री खूश झाला, मी चहा पाजला. करंगळी गणपतीच्या सुमाराला वाकायला लागली. म्हणजे साडेतीन महिने.

तरी मी लगेच सुनीलकडे नाही गेलो, खोटं कशाला सांगू. शहरातल्या एका दवाखान्यात गेलतो, जिथे कोणी ओळखत नाही. तीन रांगा झाल्या, चौथ्या खिडकीवर सांगितलं की आपल्या आरोग्य केंद्राची चिठ्ठी आणा. आरोग्य केंद्रात ती मांजर होती. सिस्टरने सांगितलं, संशयिताचा कागद त्या गावचा सर्वे केला त्यानेच भरायचा असते. मी विचारलं, दुसरं कोणी नाही का. ती म्हणे, तुले कायले पाहिजे दुसरा, सुनील चांगला पोरगा आहे. सगळे रस्ते फिरून त्या इस्त्रीच्या सदऱ्यापाशीच आले.

रविवारी तांड्यात गेलो. सुनीलची आई बसंतीबाई अंगणात तूर निवडत होती. तिने बसायला खाट दिली आणि आमच्या तोंडाकडे पाहून आपणहून शेजारी निघून गेली. मी सदरा काढला. आत्या, कोणाला मारणं सोपं आहे. त्याच्याकडे पाठ करून उभं राहणं फार कठीण गेलं. त्याने सांगितलं, डोळे बंद कर, पेनाचं टोक लागलं की बोटाने दाखव कुठे लागलं. मी डोळे मिटून उभा राह्यलो. बराच वेळ झाला. मग मी चिडून म्हटलं, सुरू कर की, काहून उगीच उभा केलं. तो म्हणाला, चार वेळा लावून झालं.

मी एक डाग पाह्यला होता. त्याने पाच मोजले.

नंतर तो खाटेवर बसला आणि सांगत राह्यला, की त्या दिवशी तू दम दिला म्हणून मी खोटं लिहिलं असं दीपाला सांगितलं, पण ते अर्धंच खरं आहे. तुझ्यापासून लवकर सुटावं आणि पुढच्या घरी जावं, असं मलाही वाटत होतं. मी विचारलं नाही की पुढच्या घरी जायची एवढी घाई कायची होती. मला उत्तर माहीत होतं आणि मला तिथेच त्याची कॉलर धरावीशी वाटली. पण सदरा माझा होता काढलेला, त्याचा नाही.

सोमवारी त्याच्याच गाडीवर यवतमाळला गेलो. तिथल्या डॉक्टरने नस दाबली तेव्हा मी उडालो. वर्षभराच्या गोळ्यांचं पहिलं पाकीट तिथेच मिळालं, फुकट. नसेच्या सुजेच्या गोळ्या आमच्या केंद्रात नव्हत्या, त्या सुनील दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन आला. डॉक्टर म्हणे, वेळेत आलास, हात परत येऊ शकते, पण वेल्डिंग बंद.

बाबांना मीच सांगितलं. ते उठून गेले नाहीत. उंबऱ्यावर बसले आणि विचारलं, रुखमा लिहिते कशी? मी पट्ट्याचं सांगितलं. त्यांनी तुझी सगळी पत्रं मागितली आणि फक्त अक्षर पाहत राह्यले, वाचलं एकही नाही.

पदरात घे, एवढंच मागतो.

तुझा,
प्रफुल्ल


शांतिनगर, जि. वर्धा
दि. २९ डिसेंबर २०२५

चि. प्रफुल्लास,
पोटभर आशीर्वाद.

पत्र कारखान्यात वाचलं, सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही. इथे कोणी विचारत नाही.

गोळी एकही चुकवू नकोस. हात रोज पाण्यात बुडवून तेल लाव, आणि रोज डोळ्यांनी तपास, कारण दुखून तो आता तुला काही सांगणार नाही. चहाचा कप डाव्या हाताने धर.

अजून एक काम येईल तुझ्यापुढे. ज्यांच्या सोबत तू जास्त वेळ काढलास त्यांची यादी मागतील आणि त्या सगळ्यांना औषधाचा एक डोस देतील, म्हणजे त्यांना हे होऊ नये. आमच्या वेळी असं काही नव्हतं. माझ्या शेजारी झोपणारी मैत्रीण तीन वर्षांनी माझ्याच मागे इथे आली. नाव लपवलंस तर ते माणूस उघडं राहतं. आणि चारचौघांत घेतलंस तर त्याची अब्रू उघडी पडते. मला चावडीवरचा माझा दिवस आठवतो म्हणून आधीच सांगून ठेवते. वाट तुझी तू काढ.

तुझ्या बाबांना, माझ्या देवरावला सांग, मी त्याच्यावर रागावलेली आहे. पण येऊन पाहायला मनाई नाही.

ममता आहेच, ती लिहून दाखवायची गरज नाही.

रुखमाआत्या


पिंपळझरी
दि. ११ जानेवारी २०२६

ती. रुखमाआत्यास,
प्रफुल्लचा जयभीम. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. उजव्या हाताला पट्टी बांधली आहे, डाव्याने लिहून राह्यलो. करंगळी अजून येत नाही, पण तिच्या शेजारची येते, कुरकुर करत.

काल सुनील यादी घेऊन आला. आई, बाबा, काका-काकू, शेजारची दोन घरं, बबलू मिस्त्री आणि दुकानातला प्रेमसिंग, असे अकरा जण झाले. बाबांनी सगळ्यांच्या आधी कॅप्सूल गिळली. सुनीलने सांगून ठेवलं होतं की आज लघवी लाल होईल, तरी ते संध्याकाळी घाबरून आले.

मग सुनीलने विचारलं, आणखी कोणी? मी नाही म्हटलं. त्याने पेनाला टोपण लावलं. आत्या, तेव्हा मला काय वाटलं ते लिहितो. मला बरं वाटलं. नाव नाही घेतलं तर दीपाला कधी समजणारच नाही की मला काय झालं. आणि हाच माणूस माझ्याकडून ते नाव घेऊन तिच्या दारात जाणार, हे तर मला मेल्यावरही चाललं नसतं. मग तुझी ती शेजारी झोपणारी मैत्रीण डोक्यात आली आणि जाईना.

मी म्हटलं, टोपण काढ. दीपाचं लिही.

त्याने काढलं, पण लिहिलं नाही. विचारलं, गेल्या वर्षात सोबत किती तास, आठवड्याचे सांग. मी म्हटलं, मार्चपर्यंत आम्ही एकाच बसने यवतमाळला जात होतो, एकाच सीटवर. तास जायला, तास यायला, आठवड्याचे सहा दिवस. बारा. त्याने बारा लिहिले. मग म्हणाला, वीसच्या खाली धरत नाहीत, हे नाव नियमात बसत नाही, काढावं लागेल. आवाज अगदी सरकारी होता. मला समजेना की हा नियम सांगतो की सुटका मागतो.

मी म्हटलं, काढू नको. जा आणि तिला विचार. तो म्हणाला, घराबाहेरच्या माणसाला रोग्याचं नाव सांगता येत नाही. मी म्हटलं, माझं नाव सांग, मी सांगतो तुला. प्रफुल्ल देवराव, पाच चट्टे, उजवा हात. सगळं सांग. हवं तर लिहून सही करून देतो, डाव्या हाताची.

तो गेला. ज्या दोघांना मी गल्लीत सोबत पाहू शकत नव्हतो, त्यातल्या एकाला मीच दुसऱ्याच्या घरी पाठवलं आणि ओट्यावर बसलो. आईने चहा आणून ठेवला. मी गल्लीच्या तोंडाकडे पाहत राह्यलो.

अर्ध्या तासाने आला. उभ्यानेच सांगितलं, की दीपाने सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याचा गिलास भरून आणला. मग विचारलं की त्याने तास किती सांगितले. बारा ऐकल्यावर म्हणाली, त्याने नुसती बस धरली. सकाळी फाट्यावर अर्धा तास उभं राहत होतो, संध्याकाळी यवतमाळच्या स्टँडवर तासभर बाकावर बसत होतो, ते कुठे गेलं? सहा दिवसांचे नऊ होतात. त्याले हिशोब येत नाही, म्हणूनच कॉलेज सुटलं त्याचं. बारा खोड म्हणाली आणि एकवीस कर. आणि तिने कॅप्सूल घेतली.

मी विचारलं, खोडलं का? नाही म्हणाला. माझ्याजवळ ओट्यावर बसला, मांडीवर कागद ठेवला आणि बारा खोडले. मग एकवीस लिहिले. दोन आकडे, पण माझा चहा निवून गेला. मी त्याचं तोंड पाहत होतो. पेरूच्या फोटोनंतर मी आरशात जे तोंड पाह्यलं होतं, तेच होतं ते. फक्त त्याने काही आपटलं नाही.

मी म्हटलं, चहा घे. तो म्हणाला, उशीर होते, तांड्यातली चार घरं बाकी आहेत. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि निघाला. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्याने मागे पाह्यलं नाही. मी पाहत होतो.

लोभ कोणाच्या वाट्याचा किती, ते मोजणं मी सोडतो आहे. तुझा जेवढा येईल तेवढा पाठव.

तुझा,
प्रफुल्ल